पाहुण्याचा धर्म



दर्शन आटोपून, प्रसाद हाती घेऊन मंडळी देवस्थानच्या कार्यालयाच्या पायरीशी येतात आणि एक ठरलेला प्रश्न विचारतात, "परतीला अजून अवकाश आहे; जवळपास पायी फिरण्याजोगे काही आहे का?" विचारणाऱ्यांत सेवानिवृत्त दांपत्ये असतात, मुलांना घेऊन आलेली कुटुंबे असतात, आणि अलीकडे पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण मंडळीही पुष्कळ असतात. या मुळशी खोऱ्यात सांगण्याजोगे काय कमी आहे? पुण्याहून पिरंगुट, पौड, माले असे मागे टाकीत रस्ता ताम्हिणीकडे चढू लागला की डावीकडे डोंगर आणि उजवीकडे पाणी, असा प्रवास सुरू होतो. आमच्या कार्यालयातील सेवेकरी प्रत्येकाची प्रकृती, वय व ऋतू पाहून वाट सुचवितात. गुडघे कुरकुरत असतील तर जलाशयाच्या काठाने जाणारी गाडीवाट. पायऱ्या चढण्याची तयारी असेल तर लोणावळा-आंबवणे रस्त्यावरील पेठ शहापूरहून कोरीगड. माथ्यावर कोराईदेवीचे दर्शन घडते आणि तटावरून गडाला सबंध फेरी मारता येते. दोन भिंती समोरासमोर उभ्या केल्यासारखा तो तैलबैल्याचा कातळ पाहायचा असेल तर त्या भिंतींमधील खिंडीतील बहिरोबापर्यंत जावे. भिंत चढणे हे दोरांच्या साहाय्याने चढणाऱ्या जाणत्यांचे काम आहे, ते आपले नव्हे. आणि सबंध दिवस हाती असला, चालण्याचा सराव असला, तर पिंपरीहून अंधारबनातून हिर्डीमार्गे कोकणात भिऱ्यापर्यंत उतरणारी वाट आहेच. ती मात्र वनखात्याची अनुमती विचारून, आवश्यक ते शुल्क भरून व वाट जाणणारा सोबती घेऊनच करावी.

एवढे सांगितले की माहितीपुस्तिकेचे काम खरे तर संपते. परंतु गेली अनेक वर्षे ही वाट दाखविण्याची सेवा करताना प्रस्तुत लेखकाच्या मनात एक शंका घर करून राहिली आहे, आणि ती आपणांसमोर मोकळेपणाने मांडावी असे वाटते. आपण या डोंगरांत कोण म्हणून जातो? मंदिरात पाऊल ठेवताना आपण भक्त असतो. तेथे काय करावे व काय करू नये, हे आपल्याला आईच्या कडेवर असतानाच शिकविलेले असते. मंदिराच्या कमानीतून बाहेर पडून पायवाटेला लागलो की आपण कोण उरतो?

लेखकाच्या मते आपण तेथे पाहुणे असतो. आणि पाहुण्याचाही काही धर्म असतो, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत.

अतिथीला देव मानावे हे वचन आपल्यापैकी प्रत्येकाला मुखोद्गत आहे. हॉटेलांच्या पाट्यांवर व पर्यटनखात्याच्या जाहिरातींतही ते झळकते. पण ते वचन मुळात कोणी कोणास सांगितले, याकडे लक्ष जात नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्याध्ययन पुरे करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य उपदेश करतात, त्यातील ते वाक्य आहे. म्हणजे उद्या जो गृहस्थ होणार, ज्याच्या दारी पाहुणा येणार, त्याला ते सांगितलेले आहे. पाहुण्याच्या हाती दिलेला तो हक्काचा कागद नव्हे. यजमानाने आपल्याला देव मानणे हा त्याचा मोठेपणा. आपण स्वतःला देव मानून त्याच्या अंगणात शिरणे ही शुद्ध उद्दामता होय. शास्त्राने यजमानाला एवढे बजावून ठेवले, त्याअर्थी पाहुण्याला काही बंधन नाही, असा सोयीचा अर्थ आपण काढला आहे.

आपल्या कथा मात्र तसे सांगत नाहीत. सुदामा श्रीकृष्णाकडे गेला तो याचक म्हणून, परंतु पाहुणा म्हणूनही. आणि घरात खायची भ्रांत असताना मागून आणलेल्या पोह्यांची पुरचुंडी त्याने काखेत धरली होती. रिकाम्या हाताने जाऊ नये एवढे त्या दरिद्री ब्राह्मणाला कळत होते. आणि श्रियाळ-चांगुणेचे आख्यान पाहा. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृतामुळे ते महाराष्ट्राच्या घराघरांत गेले आहे. अतिथीच्या रूपाने आलेल्या शंकराने यजमानाचा एकुलता एक बाळ, चिलया, भोजनास मागितला आणि त्या माउलीने तो दिला. आजवर आपण या कथेकडे चांगुणेच्या बाजूनेच पाहिले. कीर्तनात तो प्रसंग आला की श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते तिच्यासाठी. पण क्षणभर अतिथीच्या बाजूनेही पाहावे. इतके भयंकर मागणे मागण्याचा अधिकार त्याला कशाने आला? घेतलेले परत देण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी होते म्हणून. चांगुणेने हाक मारली आणि बाळ धावत आला. आपण हाक मारली तर मोडलेली फांदी परत झाडाला जडत नाही, आटलेला झरा धावत येत नाही. मग आपण मागावे तरी किती?

हा विचार लेखकाच्या मनात प्रथम आला तो मुळशीच्या जलाशयाकाठी चालताना. वरती आम्ही ज्या सोप्या वाटेचा उल्लेख केला तीच ही वाट. हिवाळ्यातील सकाळी पाण्यावर धुके असते, समोरच्या डोंगरांची उलटी प्रतिबिंबे पडलेली असतात, एखादा खंड्या सपकन पाण्यात सूर मारतो. फिरायला आलेली मंडळी म्हणतात, "काय शांत आहे हो इथे!" शांतता खरीच आहे. पण ती कशी आली हे काठावरच्या वृद्धांना त्यांच्या वाडवडिलांनी सांगितलेले आहे. आज जेथे पाणी आहे तेथे पूर्वी मुळशी पेट्याची गावे होती, भाताची खाचरे होती, देवळे होती, स्मशाने होती. मुंबईच्या गिरण्यांना व इतर कामांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा नदीवर येथे धरण बांधावयास घेतले, सरकारने कायद्याचा आधार देऊन जमिनी मिळवून दिल्या, आणि पन्नासांहून अधिक गावांवर गंडांतर आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. बायका-मुलांसह माणसे कामाच्या जागी जाऊन बसली. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट अशी मंडळी पुढे झाली. बापटांना 'सेनापती' हे नाव कायमचे चिकटले ते याच लढ्यापासून. १९२४ च्या अखेरीस लढा विझला. रेल्वे अडविल्याबद्दल सेनापतींना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

धरण बांधणे चूक की बरोबर, हा निवाडा करण्याची ही जागा नव्हे, आणि विजेच्या दिव्याखाली बसून हा लेख लिहिणाऱ्याला तो अधिकारही नाही. पण त्या लढ्यातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाला अगदी लागून आहे. या जमिनींत पुण्याच्या सावकारांचे व जमीनदारांचेही हितसंबंध गुंतलेले होते. त्यांच्यापैकी अनेकांचे लक्ष मोबदला किती मिळतो याकडे होते. रक्कम पुरेशी वाढली की त्यांची तक्रार मिटणार होती. जो मावळा प्रत्यक्ष कसत होता, त्याचे म्हणणे निराळे होते. त्याला रक्कम नको होती, जमीन हवी होती. एकाच मातीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी. एकाला वाटते पैसे चुकते केले की देणे फिटले, दुसऱ्याला वाटते की काही देणी पैशाने फिटतच नाहीत. शंभर वर्षे होऊन गेली, पण डोंगरात फिरायला येणाऱ्या आपणा मंडळींत बहुतेक जण आजही नकळत पहिल्या पक्षात बसलेले असतात.

भाविकांना आणखी एक सांगावेसे वाटते. मुळा नदी पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. म्हणजे या डोंगरांवर पडलेला पाऊस आपल्या स्वभावाने वाहता तर विठ्ठलाच्या वाळवंटापर्यंत गेला असता. धरणाने त्यातील पुष्कळसे पाणी उलट फिरविले; ते बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याकडे उतरते, वीज निर्माण करते आणि कुंडलिकेतून समुद्राला जाते. वारीच्या दिवसांत या काठाने चालताना लेखकाला हे हटकून आठवते. आणि काठावरच्या वस्त्यांतील बाया चैत्र-वैशाखात डोईवर हंडे घेऊन चढ चढताना दिसल्या की 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण कोणी घडविली असेल, असा प्रश्न पडत नाही.

अशाच एका वैशाखात घडलेला प्रसंग. मुंबईहून आलेल्या सात-आठ जणांना घेऊन लेखक एका धनगरवाड्यावरून चालला होता. ऊन मी म्हणत होते. जवळचे पाणी संपले होते. एका खोपटाच्या ओसरीवर वृद्ध बाई बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले. त्यांनी कसलीही विचारपूस न करता आतून कळशी आणली आणि तांब्याने एकेकाला पाणी दिले. कळशी जवळजवळ रिकामी झाली. मंडळींतील एका तरुणाने, मनाने अत्यंत चांगल्या मुलाने, खिशातून शंभराची नोट काढून पुढे केली.

"आजी, हे राहू द्या तुमच्यापाशी."

बाईंनी हात मागे घेतला. "पान्याचं पैसं घेत्यात व्हय, लेकरा? ठिव खिशात." आणि मग ओसरीच्या कडेला आमच्यातील कोणीतरी टेकवून ठेवलेल्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीकडे बोट करून म्हणाल्या, "ती बाटली तेवढी संगं न्या. परवा आमच्या गाईच्या पोटात गेली असली एक."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. पोराला चपला बाजूला काढ म्हणून सांगावे तसे त्यांनी सांगितले. पण आम्ही आठही जण खाली मान घालून निघालो. ज्याने नोट पुढे केली होती तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, ते पाणी त्यांनी कुठून आणलं असेल?" लेखकाला ठाऊक होते. खालच्या झऱ्यावरून, जाऊन-येऊन पाऊण तास.

आता येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. पैसे देऊ नयेत की काय? या खोऱ्यातील कित्येक घरे आज येणाऱ्या-जाणाऱ्यांना पिठले-भाकरी करून घालतात, वाटाड्या म्हणून सोबत येतात, गाड्या उभ्या करायला अंगण देतात, आणि त्यावर मुलांची शिक्षणे होतात. हे खरे आहे व आनंदाचे आहे. ज्याने कष्टाचा मोबदला मागितला त्याच्याशी घासाघीस करणारा पाहुणा नतद्रष्टच म्हणावा. शहरातील हॉटेलात मुकाट्याने बिल भरणारा मनुष्य येथे भाकरीच्या दहा रुपयांवरून हुज्जत घालतो, तेव्हा त्याची लाज वाटते. पैसे द्यावेत, नीट द्यावेत. प्रश्न त्यानंतरचा आहे. पैसे दिल्यावर आपल्याला काय केल्याची मोकळीक मिळाली, असे आपण समजतो? ताम्हिणी घाटात श्रावणातल्या रविवारी जे दिसते, ते या समजुतीचेच फळ आहे. गाडी उभी करण्याचे पैसे दिले, म्हणून गाडीतील गाणी सबंध दरीला ऐकविण्याचा हक्क मिळाला. भज्यांचे पैसे दिले, म्हणून द्रोण तेथेच टाकण्याचा हक्क मिळाला. याच धबधब्यांखाली दरवर्षी जिवावरचे प्रसंग घडतात, आणि मग दोर घेऊन दरीत उतरावे लागते ते गावच्या पोरांना व बचाव पथकांना. त्यांचा जीव कोणत्या शुल्कात धरलेला असतो? पावसाळ्यात प्रशासन काही ठिकाणी प्रवेशबंदी जाहीर करते. ती मोडून पुढे गेलेला मनुष्य स्वतःचाच जीव धोक्यात घालीत असतो असे नाही, ही गोष्ट आपण लक्षात घेत नाही.

सेनापती बापटांची एक गोष्ट या संदर्भात आठवते. मुळशीच्या लढ्यापूर्वी ते पारनेर या आपल्या गावी राहत असत, तेव्हा हाती झाडू घेऊन गावचे रस्ते व शौचकूप स्वतः साफ करीत. विलायतेत शिकून आलेला हा विद्वान मनुष्य. ज्याने या खोऱ्यासाठी तुरुंगवास सोसला, त्याच्या हातात आधी झाडू होता, हे ताम्हिणीचा रस्ता पाहताना मनात येते आणि पुढे काही सुचत नाही.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. पाहुण्याने एवढा उपद्रव होत असेल, तर त्याने येऊच नये हे बरे नव्हे काय? आपली पुस्तिका वाटा सुचविते तेच मुळी चूक नव्हे काय? आमच्या एका सहकाऱ्यांचे असे प्रामाणिक मत होते व त्यांनी ते बैठकीत मांडलेही. लेखकाला ते पटले नाही. न येणाऱ्या माणसाला हे खोरे म्हणजे भिंतीवरील बटण दाबले की लागणारा दिवा, एवढेच राहते. त्याचे देणे काही कमी होत नाही. ते त्याला दिसत नाही, इतकेच. पायी चालणाऱ्याला निदान चढ कळतो, तहान कळते, पाण्याचा हंडा किती जड असतो याचा अंदाज येतो. वाहनातून उतरून पाच मिनिटांत छायाचित्र घेऊन परतणाऱ्यापेक्षा दोन कोस चालणारा यजमानाच्या अधिक जवळ जातो. यावे; पण पाहुण्यासारखे यावे.

पाहुण्यासारखे म्हणजे कसे, याचा वस्तुपाठ कोठे असेल तर तो या मावळाच्या देवरायांत आहे, आणि आता जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी थोडी अडखळते.

ज्यांनी देवराई पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावाच्या एका अंगाला, बहुधा ओढ्याच्या उगमाशी, झाडांचा एक दाट पुंजका असतो. भोवतालचा डोंगर उघडा पडलेला असला तरी तेथे कुऱ्हाड चाललेली नसते. हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर, भेरली माड. मनगटापेक्षा, कधी मांडीपेक्षाही जाड गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले असतात. आत शिरले की भर दुपारी डोळ्यांना अंधारी येते आणि पायाखाली ओल लागते. मधोमध वाघजाई, काळकाई, भैरोबा असे एखादे दैवत असते. पुष्कळदा नुसता शेंदूर लावलेला तांदळा, डोक्यावर छप्पर नसलेला. कित्येक गावांत आजही सांगतात की देवीला छप्पर चालत नाही. येथला नियम एकच, की येथून काही न्यायचे नाही. हिरवी फांदी तर नाहीच, पडलेले लाकूडही नाही. फारच निकड असली तर देवाला कौल लावायचा, आणि कौल मिळाला तरच हात लावायचा. पुण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील या राया हिंडून पाहिल्या व त्यांची नोंद केली. इतरत्र नाहीशी झालेली झाडे व वेली येथे टिकून राहिल्याचे तेव्हा शहरातील सुशिक्षितांच्या ध्यानात आले. गावच्या म्हाताऱ्यांना त्याचे नवल वाटले नसावे. त्यांच्या लेखी ती देवाची जागा होती आणि गावसुद्धा तेथे पाहुणेच होते. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती तेथे आहे ते स्वतःला पाहुणे समजतात, आणि सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे आपण मालकासारखे वागतो.

लेखकही तसाच वागला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. खोऱ्यातील एका छोट्या गावचे, मुंबईत नोकरीला असलेले काही तरुण देवस्थानात आले. गावच्या देवराईत उघड्यावर असलेल्या देवीला पक्के मंदिर बांधावे, अशी त्यांची मोठी उत्कंठा होती. त्यांच्या भक्तीत तिळमात्र खोट नव्हती. शहरात राहून गावचे ऋण फेडण्याचा त्यांना तोच एक मार्ग दिसत होता. देवी उन्हापावसात आहे, हे ऐकून लेखकाचे मन द्रवले. त्याने स्वतःच्या निवृत्तिवेतनातून रक्कम दिली आणि ओळखीच्या चार सधन भाविकांकडूनही मिळवून दिली. मंदिर झाले. सिमेंटचा स्लॅब, पुढे सभामंडप, गुळगुळीत फरश्या, आणि सामान नेण्यासाठी ट्रक जाईल एवढा रस्ता. सभामंडपासाठी व रस्त्यासाठी राईतील नऊ मोठी झाडे पाडली गेली. एकाही झाडासाठी कौल लावला गेला नाही. देवीसाठीच तर काम चालले आहे, मग तिला काय विचारायचे, असे सर्वांना वाटले. लेखकालाही वाटले. प्रवेशद्वाराशी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसली. तीत तिसरे नाव लेखकाचे आहे.

दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात तेथे जाणे झाले. स्लॅब तापला होता. गाभाऱ्यात उभे राहवेना. देवीच्या डोक्यावर कोणा भाविकाने अर्पण केलेला विजेचा पंखा फिरत होता. पूजा करणारे गुरव वयोवृद्ध होते. लेखकाने सहज विचारले, "गुरवबाबा, पंखा कधी बसवला?"

ते म्हणाले, "गेल्या साली. देवीला उकडाया लागलं, साहेब. आधी कधी उकडलं न्हवतं."

त्यांनी टोमणा मारला असे वाटले नाही. जे घडले ते त्यांनी सांगितले. पण त्या दिवसापासून दान या शब्दाकडे लेखकाला पूर्वीच्या सरळपणाने पाहता येत नाही. आपण दिले, हे खरे. पण पाहुण्याने यजमानाच्या घरी जाऊन, त्याला न विचारता, त्याच्या बसायच्या जागेवरचे छत उतरवून तेथे स्वतःच्या आवडीचे छत घालावे, तसे ते देणे झाले. देवीला सावली होती. ती काढून घेऊन आम्ही तिला स्लॅब दिला, आणि वर नाव कोरून घेतले. ती झाडे उभी राहायला किती पिढ्या लागल्या असतील कोण जाणे. शिवलीलामृतातल्या अतिथीने घेतलेले परत दिले होते. आमच्यापाशी ते सामर्थ्य नव्हते, आणि तरी आम्ही मागितले.

हे येथे लिहिण्याचे कारण, ही पुस्तिका दानशूर मंडळी वाचतात. त्यांच्यापैकी अनेकांकडे आजही गावोगावचे तरुण अशाच मागण्या घेऊन येत असतील, त्याच निर्मळ मनाने. देणगी द्यावी की न द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. देण्यापूर्वी एकदा स्वतः पायी त्या राईत जाऊन यावे, गावच्या जुन्या माणसांपाशी बसावे, आणि किती झाडे जाणार आहेत एवढे विचारावे, अशी विनंती आहे. जागच्या जागी दगडी चौथरा बांधून, झाडांच्या मुळांना धक्का न लावता देवीची सेवा करता येते. ओढ्याचा गाळ काढण्यासाठी, राईभोवती गुरांना अटकाव करणारा दगडी गडगा रचण्यासाठी दिलेले पैसे पाटीवर शोभत नाहीत, हे खरे आहे.

राईच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गावात शिरताच प्रथम गुरवाला किंवा पाटलाला विचारावे, राईत जायला चालते का. काही राया विशिष्ट दिवशी बंद असतात, काहींत पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात, आणि तेथे ज्या त्या गावची रीत मानावी. वाटेवर कारवी फुललेली दिसली तर ती कित्येक वर्षांनी एकदाच फुलते हे ध्यानी ठेवून हात आवरावा. आपले पाणी आपण बरोबर न्यावे; वस्तीवर मागण्याची वेळ आली तर अर्धा तांब्या मागावा. खाऊचे कागद व बाटल्या त्याच पिशवीतून परत आणाव्यात. देवस्थानच्या वाहनतळाशी मोठी पेटी ठेवली आहे. सूर्यास्तापूर्वी परतावे. पावसात ओढा चढला असेल तर तो उतरेपर्यंत थांबावे, नाहीतर माघारी यावे. दर्शन पुढच्या खेपेस होईल.

मागल्या पौषात लेखक पुन्हा त्या गावी गेला होता. पाडलेल्या झाडांच्या जागी गावातील शाळकरी मुलांनी जांभळाची व हिरड्याची रोपे लावली आहेत. काही जगली आहेत, कमरेएवढी झाली आहेत. त्यांना कोणी पाणी घालते असे दिसले. लेखकाने गावच्या मंडळींपुढे एक मागणे ठेवले, की त्या संगमरवरी पाटीवरून आपले नाव काढावे. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एक जाणते गृहस्थ म्हणाले, "काका, एकदा दिलेलं असं मागारी घेता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या ते तिथंच."

पाटी अजून तेथेच आहे.